आजीचा आवाज खाली आला

चिरंजीव सिग्नी हिस,

बर्फाने गाडलेल्या दरीतून बोर्गिल आजीचा आशीर्वाद. हे पत्र तुझ्या डोळ्यांना दिसायचं नाही, म्हणून तारल्डने वाचायचं आहे. (तारल्ड, स्कीच्या शर्यतीत तू तिच्यापुढे राहून हाकांनी वाट दाखवतोस, त्याबद्दल तुझा मान आहे. पण पत्रात स्वतःच्या अकलेने गाळागाळ करायची नाही. कंसातलंही वाचायचं.) तब्येत बरी आहे ना? मोजे कोरडे घालतेस ना? माझे गुडघे जागेवर आहेत, शेळ्या दूध देतात आणि शेजारचा गुडमुन अजून जिवंत आहे, म्हणजे सगळं नेहमीसारखं.

तुझ्या प्रशिक्षकबाईंचा निरोप पोचला. म्हणे शर्यतीत मध्येच नेमबाजी असते, तेव्हा दिसत नाही म्हणून तुझ्या कानात एक सूर वाजतो, बंदूक नेमाच्या जवळ गेली की तो चढत जातो, आणि अगदी वर पोचला की चाप ओढायचा. तू नेमकी तिथेच बिचकतेस. का, तर लहानपणी मी तुझ्यापुढे स्कीवरून जायची, ओढा जवळ आला की माझा आवाज चढायचा आणि तू जागच्या जागी थांबायचीस. म्हणजे तुझ्या बंदुकीत मीच जाऊन बसलेय. म्हणून यंदा ईस्टरला घरी नको, आजीचा आवाज आधी कानातून जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं. शिकलेली बाई, मी काय बोलणार. एवढंच सांगते की आपल्या ओढ्यात तू एकदाही पडली नाहीस. (त्या बाई गेल्या हिवाळ्यात आल्या होत्या, त्या डोळे उघडे ठेवून पडल्या.)

तरी म्हटलं, आवाज खाली आणून बघू. रोज सकाळी धारा काढून झाल्या की स्की बांधते आणि घरामागच्या आपल्या वाटेवर, तू मागे आहेस असं धरून, हळू बोलत जाते. आता डावीकडे हं, बाळ. आता उतार आलाय, गुडघे वाकव, राणी. (बाळ म्हणताना जीभ अडखळते, सवय कुठली.) परवा गुडमुन तिकडे लाकडं फोडत होता. त्या माणसाने जन्मभर माझी बोलणी खाल्ली आहेत. मागे कुणी नसताना मी अशी गोड बोलतेय हे ऐकून त्याच्या हातातली कुऱ्हाडच गळाली, आणि त्याने गावच्या नर्सला फोन लावला. "लवकर या, बोर्गिलचं काही खरं नाही. प्रेमाने बोलायला लागलीय."

नर्स आली. तोंड वाकडं झालंय का ते पाहिलं, दोन्ही हात वर करायला लावले आणि विचारलं, आपले पंतप्रधान कोण? मी म्हटलं, "कोण का असेना, माझ्या शेळ्यांच्या धारा काढायला येतो का तो?" तशी ती गुडमुनला म्हणाली, "काका, यांना काही झालेलं नाही." गुडमुन ओशाळला, पण माझे वाफल आणि शेळीच्या दुधाचं तपकिरी चीज खाताना ओशाळला नाही. दारातून जाताना म्हणाला, "पोरगी नाही, काही नाही, मग रोज वाट कशाला तुडवतेस गं?" म्हटलं, बर्फ बुजवून टाकतं म्हणून. त्याला आणखी काय सांगायचं? मोठ्या झाडाच्या वळणावर मी अजून थांबते. तिथे तुझ्या स्कीच्या काठ्यांचा आवाज मागून यायचा, मग मी पुढे निघायची. आता थोडा वेळ उभी राहते आणि नाक पुसून निघते. थंडीने नाक वाहतं.

तेव्हा तू येऊ नकोस. बाईंचं ऐक. ईस्टरची संत्री आणून ठेवली आहेत, ती मी आणि शेळ्या मिळून संपवू.

तुझी,
बोर्गिल आजी

ता. क. खरंच येऊ नकोस. ईस्टरआधीच्या बुधवारी दुपारची बस डेअरीपर्यंत येते, हे आपलं माहितीसाठी.

आणखी ता. क. (तारल्ड, हे तिला वाचून दाखवू नकोस. कंसातलं वाच म्हटलं होतं, ते या कंसाला लागू नाही. तिला बसमध्ये बसवून दे, बाईंना नंतर सांग. मी थांब्यावर उभी असेन, अगदी हळू बोलत. तिला ऐकू गेलं नाही, तर ड्रायव्हरशी भांडण काढेन, म्हणजे कुठल्या बाजूला चालायचं ते तिला कळेल.)