करंगळी आणि एंटर

कर्जत, मंगळवार, संध्याकाळ

प्राथमिक! कॉलेजच्या ऑफिसात उभं आयुष्य टायपिंग केलं आणि आज संगणकाच्या चाचणीत ही पातळी. ज्यांना मध्यम मिळालं ते आपापल्या जागी राहणार. प्राथमिकवाल्यांना आवक-जावकला बसवणार, म्हणजे दिवसभर लखोट्यांवर शिक्के मारायचे.

चाचणी घेणारी शेलूची वैशाली, टायपिंग माझ्याच संध्याकाळच्या वर्गात शिकलेली. मी पत्र बिनचूक टाइप केलं. तिने समास जरा वाढवला, तर सगळ्या ओळी मध्येच तुटून विस्कटल्या.

"बाई, तुमी आजून दर ओळीला एंटर मारता? ओळ आपली आपण खाली जाते. तुमी कशाला ढकलता तिला?"

सगळे हसले. मग ती हळूच म्हणाली, "शुक्रवारी परत घेते. तेवढं एंटर सोडा."

तेवढं! घरी आल्यापासून संगणकावर तेवढंच करते आहे. ओळ संपत आली की करंगळी जाऊन एंटरवर पडते. बोटाला काय दम द्यायचा? शेवटी करंगळी शेजारच्या बोटाला चिंधीने बांधली. एंटर पडेना, पण ओळीच्या टोकाला अख्खा हातच थांबतो. पुढचं अक्षर उमटत नाही.

टाइपरायटरवर इथेच घंटी वाजायची. घंटीनंतर ओळ ढकलली नाही, तर मी पोरींना वर्गात उभं करायचे. वैशालीलाही केलं होतं. तिची सवय कधी सुटली कोण जाणे.

चिंधी सोडून ठेवली. करंगळीवर वळ उठलाय. शुक्रवारपर्यंत माझी सवय सुटायची नाही.