दुसऱ्या कपाची कॉफी

प्रिय झुम्रा,

अंगणातलं आलुबुखाराचं झाड परवा फुललं. लढाईत अर्धं जळालेलं, पण उरलेल्या अर्ध्याला ते ठाऊकच नसावं असं फुललंय. खाली बसलो की चौथीतली ती नदीची कविता ओठांवर येते. पहिलं कडवं तू घडाघडा म्हणायचीस. फुलं, नाव, चांदणं. दुसऱ्या कडव्यात पूर यायचा, आणि तिथे तू हमखास अडायचीस. मी तुझा बाप आणि मास्तरही. तुला आठवेपर्यंत खिडकीबाहेर बघत उभा राहायचो.

तुझं पत्र पोचलं. आपलं गाव आता सुरक्षित आहे, असं जर्मन सरकारच्या माणसांनी लिहून दिलं, म्हणून तुला आणि छोट्या अम्राला परत धाडणार म्हणे. ती माणसं माझ्याच अंगणात बसली होती, पोरी.

मार्चमध्ये आली. दोन साहेब आणि परदेशात वाढलेली एक दुभाषी मुलगी. आपली रीत तुला काय सांगू? पहिला कप स्वागताचा, त्यावर फक्त बरं-बरं बोलायचं. मनातलं दुसऱ्या कपाला. तिसरा आला की पाहुण्यानं उठायचं. साहेबांनी पहिल्याच घोटाला विचारलं, कसं चाललंय आजोबा? म्हटलं, अल्लाची कृपा, छप्पर घातलंय, झाडही फुलेल. शेजारीपाजारी? म्हटलं, भेटले की विचारपूस करतात. साहेब लिहून घेत होते. दुसरी कॉफी चढवायला आत गेलो, भांडं घेऊन बाहेर येतो तो गाडी वळणावर. कुंपणापलीकडून शेजारीण तिजा म्हणाली, “घ्या मास्तर, एका कपात उरकलं की हो सरकारनं. आता कागदावर आपण स्वर्गात राहतो.” मी हसलो. तेव्हा हसू आलं.

ते थांबले असते तर सांगितलं असतं. पुलावरच्या चौकीत आता मिलेंको बसतो, अंगावर पोलिसाचा गणवेश. तुझ्या नवऱ्याला, आदिलला, लढाईत बसमधून उतरवून नेणारा तोच, आणि त्याच्याविरुद्ध साक्ष तू दिलीस हे त्याला कळलंय. पाव आणायला निघालो की आडवा येतो. “मास्तर, लेक कधी येतेय? कळवा बरं का, उतरवून घ्यायला मी स्वतः येईन.” अगदी आपुलकीनं विचारतो.

तुझ्या वकीलबाई म्हणतात ना, जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत धाडायचं नाही, हे त्यांच्या सरकारनं कायद्यानं मान्य केलंय. फक्त तो धोका कुणीतरी सांगायला हवा. म्हणून हे पत्र. तुम्ही दोघी न्यायाधीशांसमोर ते सगळं वाचून दाखवा, माझं नाव झाकू नका. हा माझा दुसरा कप आहे म्हणावं. आणि हेही वाचा, की हा म्हातारा रोज संध्याकाळी झाडाखाली दोन कप मांडतो आणि एक तसाच थंड होतो. म्हणजे त्यांना कळेल, पुढचे दोन शब्द लिहिताना माझा हात का थांबला होता. येऊ नकोस.

तुझाच,
बाबो