वेणीची सैल गाठ

प्रिय आई,

मी मजेत आहे. जेवते वेळेवर, झोपही येते, बहुतेक.

दर रविवारी इथले आम्ही सगळे धक्क्यावर बसून समुद्रगवताची रोपं खिळ्यांना बांधतो. खिळ्याच्या वजनानं ती खाडीच्या तळाशी टिकतात आणि रुजतात. जन्मभर जाळी विणलेला प्रेबेन माझी गाठ बघून हसला, "गुद्रून, खाडी आहे ही, बाहुली नव्हे! आवळ की जरा!" मी आपली, तू माझ्या वेणीला मारायचीस ती सैल गाठच मारत राहिले.

आधी लावलेली रोपं काल बुडी मारून पाहिली. प्रेबेनची रोपं गाठीपाशीच तुटली होती. माझी मात्र हिरव्या उजेडात मोकळ्या केसांसारखी डोलत होती. वर यावंसंच वाटेना.

तुझे हात अजून थरथरतात का गं? नाताळात बोर्नहोमला घरी येते, तेव्हा तुझी वेणी मी घालीन. आवळणार नाही.

तुझीच,
गुद्रून