दुसऱ्यांदा घेतलेला स्कॅन

सर, तुमच्या स्कॅनच्या दिवसाबद्दल एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी बोलका माणूस, पानवाल्यापासून डीनपर्यंत कोणाशीही जमवून घेतो, पण हे कोणाजवळ बोललो नाही. आज सकाळी नव्या बॅचला तुमचा नियम शिकवला: मशीनवर काय दिसलं ते आपण पेशंटला सांगायचं नाही, डॉक्टर सांगतील, आणि खोटं तर मुळीच बोलायचं नाही. मुलं वहीत उतरवून घेत होती. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून कोरा फळा पुसत उभा राहिलो.

तो नियम मला तुमच्याकडून कसा मिळाला, ते आठवतं. उमरेडहून एसटीने तुमच्या हाताखाली शिकायला यायचो तेव्हा. रेडिओ, मिक्सर दुरुस्त करत बीएस्सी केलेली, त्यामुळे कान तयार. स्कॅन घेणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याची मोटर कुरकुरली की तुमच्या आधी मला कळायचं. माणसाच्या आवाजाचंही तसंच. मौद्याची एक बाई हाडांच्या स्कॅनला आली होती. इंजेक्शन देऊन तिला तीन तास वेगळं बसवलं होतं, कारण औषध टोचलं की पेशंटच्याच अंगातून किरणं येतात आणि आपण लांब राहायचं. स्कॅन झाल्यावर चपला घालता घालता ती विचारते, "बरं हाय ना गा भाऊ?" त्या आवाजाला नाही म्हणणं मला जमलं नाही. "बरं आहे, घाबरू नका," म्हणून गेलो. दोन दिवसांनी ती रिपोर्ट घेऊन परत आली. भांडली नाही. "घरी सगळ्यायले बरं हाय म्हणून सांगून देलं मी," एवढंच म्हणाली आणि दारात उभी राहिली.

तुम्ही मला शिशाच्या विटा रचलेल्या औषधाच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. "काहून सांगितलं गा तू तिले?"

"तिला बरं वाटावं म्हणून, सर."

"तिले का तुले?"

मी विटांकडे बघत राहिलो. "तोंड बंद ठेवता येत नसंन तर किराणा दुकान टाक," तुम्ही म्हणालात. "तिथं गोड बोललेलं चालते."

आणि संध्याकाळी तुम्हीच मला स्कूटरवर मागे बसवून प्रताप नगरला घरी नेलं. काकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तुम्ही बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला, वर गरम तेल सोडलं. "जेव. तुले बोलून बोलून मलेच भूक लागली." मला टेबलाशी बसवून तुम्ही ओट्याजवळ उभ्यानेच जेवलात. मला वाटलं, राग गेला नाही अजून. आता मीही घरी उभ्यानेच जेवतो. राग कोणावर नसतो. ताट घेऊन बसलं की समोरची रिकामी खुर्ची दिसते.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी तुम्ही पाठ दुखते म्हणून आलात, तेव्हा सुई मीच टोचली. "हात चांगला बसला तुहा," म्हणालात. तीन तासांनी तुम्ही टेबलावर आणि मी काचेमागे. चित्र डोक्याकडून खाली उमटत जातं, काळा डाग तिथे आजार, तुम्हाला काय सांगायचं. मणक्यात काळं, बरगड्यांत काळं, खुब्यात काळं. काचेपलीकडे तुमचे पाय दिसत होते, एका मोज्याला अंगठ्याशी भोक. कॅमेरा थांबला. आता आत जायचं, टेबल खाली घ्यायचं आणि 'डॉक्टर सांगतील' म्हणायचं. हे वाक्य मी हजार जणांना म्हटलेलं, पण ते शिकवणारा माणूस त्या टेबलावर होता. माझ्या आवाजावरून पहिल्याच शब्दाला तुम्हाला सगळं कळलं असतं.

"झालं काय गा?"

मी माइकवरून म्हणालो, "सर, तुम्ही हललात. परत घ्यावा लागेल."

तुम्ही मान उचलून काचेकडे बघितलंत. मग म्हणालात, "मी? सारी जिंदगी लोकायले म्हणत आलो, हालू नका, हालू नका." आणि दुसऱ्या वेळी असे निपचित पडून राहिलात की छातीही वरखाली होताना दिसेना. त्या वीस मिनिटांत मी ते एक वाक्य पुटपुटत बसलो, आवाज सरळ होईपर्यंत. मग आत येऊन म्हटलं. तुम्ही इतर पेशंटसारखी मान हलवलीत. बाहेर सिस्टरला सांगितलंत, "म्हातारा झालो वं बाई. वीस मिनिटं निजता नाही येत मले." ती हसली. मीही हसलो.

पुढे भेटायला यायचो तेव्हा तुम्ही आजाराचं काही बोलत नव्हता. तो रिपोर्ट तुम्ही स्वतःच वाचला होता. पण दर वेळी ते निघायचंच. "त्या दिवशी हाललो गा मी. तुह्यासमोर." मी म्हणायचो, "होतं सर, सगळेच हलतात." तुम्ही खिडकीकडे बघत राहायचात. मी घड्याळ बघून उठायचो. शेवटच्या आठवड्यातही तेच म्हणालात, मीही तेच.

प्रताप नगरचं घर विकलं गेलं, तिथे आता दुसऱ्याच नावाची पाटी आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एवढं लिहून टाकतो. पहिलं चित्र स्वच्छ आलं होतं, सर. तुम्ही हलला नव्हता.