पाहुण्याचं निघतानाचं बोलणं

शनिवार, चैत्र वद्य पंचमी

दुष्काळाने आज माझ्या सदऱ्याचाही बळी घेतला. चहाचा डाग पडला आणि धुवायला पाणी नाही. असो.

माझ्या मुलीला, सुमीला पाहायला आलेला मुलगा सिरसाळ्याचा, सोसायटीचा सचिव. कपडे शुभ्र, बोलणं इतकं मृदू की मी शाळेत शिकवतो ते माझंच संस्कृत मला राकट वाटलं. निघाला तर दारात टँकरची रांग. शेजारची गयाबाई घागर घेऊन त्याच्या मोटारसायकलीपुढे.

"सरक म्हातारे, दिसत न्हाई का?"

"सरकते बापा, तू तर आत्ताच जावई झालास!"

घाईत असेल. पण मग आत बोलत होता तो कोण? ते 'सरक' कानातून जात नाही. सुमीनेही ऐकलं, माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हात जोडत होतो.

मी गप्प राहिलो म्हणून ती हो म्हणेल, याची भीती वाटते.