हरकत नाही

३ जून, सोमवार
नवी नोकरी, तिसरा मजला, खिडकीशी टेबल. परदेशातल्या शांतिसेनेत आपले सैनिक पाठवायचे का, किती दिवस, कुणाच्या हुकमाखाली, याचं धोरण नव्याने लिहिलं जातंय. मसुद्यातल्या चुका मी काढायच्या. शेजारच्या बाईंना सगळे टाचणी म्हणतात. त्यांनी शिक्षण विचारलं. सातवी, म्हटलं, पुढचं आपलं वाचून वाचून. मग साहेबांपेक्षा जास्तच की, म्हणाल्या. पुष्कळ दिवसांनी हसले.

५ जून
कलम अकरा: घरच्यांनी स्वहस्ते 'हरकत नाही' लिहून दिल्याशिवाय कुणालाही मोहिमेवर पाठवू नये. साहेब म्हणाले, नियम जुनाच आहे, पण तुमच्यासारख्यांसाठी तो ठेवायलाच हवा, वहिनी. मी खाली मान घालून स्वल्पविराम शोधत बसले. चार वर्षांपूर्वी तो कागद आमच्याही घरी आला होता. हे गेले ते परतले नाहीत.

१० जून
जुने अर्ज पडताळायला दिले. पहिल्यावरचं 'हरकत नाही' माझ्या अक्षरात. 'ह'ची शेपटी मी डावीकडे वळवते, तशीच. आमचाच असेल म्हणून नाव पाहिलं. दुसऱ्याच कुणाचं. पुढचाही तसाच. चाळीसच्या चाळीस. टाचणीबाई म्हणाल्या, काहीतरीच, प्रत्येकीचं अक्षर वेगळं आहे.

११ जून
नोंदवही पाहिली. चाळिसातला एकही परत आलेला नाही.

१२ जून
लिहूनच टाकते. ह्यांना जायचं नव्हतं. फौजी माणूस, स्वतः नाही म्हणायची लाज. जेवताना हळूच म्हणाले, तू हरकत आहे असं लिही, म्हणजे मी सुटेन. पण आळीतल्या बायका तुमचे हे परदेशी निघाले म्हणू लागल्या होत्या. मी तोऱ्यात होते. त्यांच्या देखतच लिहिलं, हरकत नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि भाजी छान झालीय म्हणाले. हे मी लेकीलाही सांगितलेलं नाही.

१४ जून
मसुद्यात कोऱ्या जागी तेच दोन शब्द. हात माझाच. वाण्याच्या यादीत साखरेखाली — खोडले — पुन्हा —

१७ जून
लेकीचा फोन. सैन्यात परिचारिका आहे. मोहिमेवर नाव लागलंय. म्हणाली, आई, तू हरकत आहे असं लिही, म्हणजे मी सुटेन. त्यांचेच शब्द. तिला कुणी —

१८ जून
अर्ज टेबलावर आहे. आधी इथे लिहून पाहते.
हरकत आ
हरकत नाही
नको —
उजवा हात रुमालाने खुर्चीला बांधलाय. डाव्याने लिहिते. साहेब विचारतायत, झालं का, वहिनी —
माझी हरकत ना