दोन कानांचा नट

बहारीन, ता. ९ ऑगस्ट १९८७

अस्सल, अस्सल आणि परत अस्सल! मामा, गेल्या पत्रात तू हा शब्द अकरा वेळा लिहिलास (मोजले, शुक्रवारी इथे सुट्टी, दुसरा धंदा नसतो) आणि पायाबद्दल एकच ओळ, तीही समासात कोंबलेली. तेव्हा आधी नमस्कार घे, मग भांडू. तुझ्या एका आणि देवकीमामीच्या दोन्ही पायांवर डोके ठेवतो. मामीचा दमा कसा आहे? पावसात तुझी जखम ठणकते का? कारापुरात घटक राज्याचे फटाके जोरात वाजले असतील. गोव्याला घटकाचा मान मिळाला, बरे झाले. आपल्या गाडीचा एक घटक मात्र हळर्णच्या शेतात पडला तो पडलाच. कोकणी की मराठी, या भांडणात मला ओढू नकोस. मी चौथीपर्यंत मराठीत शिकलो म्हणून मराठीत लिहितो. नुकसान व्हायचे ते मराठीचेच होईल.

तर नट. जमीनदार भाटकाराची एम.जी. मोटार पोर्तुगिजांच्या वेळी विलायतेहून बोटीने आली, तू ती बावीस वर्षे हाकलीस, तेव्हा तिच्या चाकाच्या मध्यावरचा दोन कानांचा नट विलायतीच हवा, हे तुझे म्हणणे. मूळचा झिजला तेव्हा डिचोलीच्या भिकाजी टर्नरने लेथवर हुबेहूब करून दिला, वरची इंग्रजी अक्षरे आणि बाणसुद्धा कोरून. आणि तिसऱ्याच दिवशी हळर्णच्या उतारावर चाक गाडीला सोडून पुढे धावले, गाडी कलंडली, खाली तुझा पाय. चाक सापडले, नट चिखलात गेला, पाय बांबोळीच्या इस्पितळात काढला. तेव्हापासून भाटकार गावभर सांगतो की भिकाजीने नकली माल देऊन माणूस पांगळा केला, आणि भिकाजीच्या लेथवर आता कोणी साधा बोल्टही कातायला देत नाही. तू स्वतः मात्र लिहितोस, मला जयपुरी पाय चालेल, गाडीला नट अस्सल पाहिजे. धन्य तुझी!

तुझ्यासाठी इथे नट शोधला त्याची हकीगत ऐक. पहिला शुक्रवार माझ्या खोलीतल्या पेडण्याकडच्या केरीच्या प्रवीणने खाल्ला. मी म्हटले, मला नट पाहिजे. तो म्हणाला, "राजपार्टी की राक्षस?" (पेडण्याच्या माणसाला नट म्हटला की दशावतारीच दिसतो.) दुसऱ्या शुक्रवारी मलबारी भंगारवाल्याने आईची शपथ घेऊन ओरिजिनल नट हातावर ठेवला. तो ट्रकचा होता आणि त्याला दोन कान वेल्डिंगने चिकटवलेले. वेल्डिंग अजून गरम होते, माझी बोटे भाजली. चार दिवस जेवण डाव्या हाताने.

मग कळले की एक इंग्रज सायब कायमचा घरी चालला आहे आणि त्याच्या बंगल्यामागे ताडपत्रीखाली तशीच गाडी आहे. गेलो. ताडपत्री वर केली, मामा. तीच बसकी ठेवण, तेच तारांचे चाक. सायब चांगला होता, सरबत दिले. चाक काढून दाखवले, परत बसवले आणि तांब्याची हातोडी माझ्या हातात देऊन खुणेने म्हणाला, आवळ. मी नटाच्या कानावर दोन ठोके मारले आणि तो असा ओरडला की माझ्या हातून हातोडी पडली. मला फाटकाबाहेर काढले. का, ते खाली लिहितो. इथे कागद संपत आला आहे (संपलेला नाही, पण लिहवत नाही).

प्रकृतीला जप. मामीला चुलीच्या धुरात बसू देऊ नकोस.

तुझा भाचा,
सगुण

ता. क. फाटकावर रत्नागिरीकडचा वॉचमन होता. तो म्हणाला, "भल्या माणसा, नटावर काय लिहिलंय ते वाच ना! अनडू. म्हणजे सोड. बाणाच्या दिशेने मारलंस तर चाक सुटतं."

मामा, गाडी कलंडली त्या सकाळी तू भिकाजीचा नट आवळत होतास आणि मामीने चहाला हाक मारली. जाता जाता तू म्हणालास, "सगुण, आणखी दोन ठोके मार रे, घट्ट बसू दे." मी मारले. बाण होता तिकडेच मारले. कोणी उगाच बाण कोरील का, असे मला वाटले.

आणखी एक. सायबाने नंतर निरोप पाठवला, नट विकायला तयार आहे. मी घेतला नाही. भिकाजीचा नट अस्सलच होता. हे पत्र आधी त्याच्या दारात जाऊन वाच (कुबड्या घेऊन जा, पण जा), मग भाटकाराला वाचून दाखव, चार माणसे असतील तेव्हा. मी येऊन सांगायला पाहिजे. दोन वर्षांचा करार आहे. पण करार नसता तरी आलो नसतो, हे तुला माहीत असलेले बरे. नवा नट भिकाजीकडूनच कातून घे. अक्षरे आणि बाण तसेच कोरू दे. मजुरी त्याच्या दराने नको, सायबाने अस्सल नटाची जी किंमत सांगितली ती द्यायची. ड्राफ्ट सोबत आहे, रुपये सातशे चाळीस.